गाडीच्या पोटाखालचे सहा दिवस

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गाडीखाली पडून पांढरा ऑइल पेंट लावत होते. भाचा शेजारी टॉर्च धरून बसला होता. "आत्या, खाली रंग कोण बघणार?" त्याने विचारलं. बघणार मीच होते. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), मधला क्रॉसमेंबर (गाडीच्या सांगाड्याचा, म्हणजे चॅसिसचा, आडवा दांडा), इंधनाच्या टाकीचा तळ, पुढच्या चाकांना खालून धरणारे लोअर आर्म, मागच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचं) हाउसिंग, शॉकच्या खालच्या बैठका, दारांखालच्या उंबऱ्याच्या कडा. जे जे खाली लोंबतं त्या सगळ्यावर एकेक हात मारला. सायलेन्सर आणि त्याच्या आसपासचा भाग तेवढा सोडला, कारण तिथे रंग जळतो.

कल्पना दादाची. गाडीखाली संरक्षक प्लेट बसवायची हे माझं पक्कं होतं, पण कोणती, हे महिनोन्‌महिने ठरत नव्हतं. ज्याला विचारावं तो जाडीचा आकडा सांगायचा. कुणी तीन मिलिमीटर म्हणे, कुणी सहा. दादाने फॅब्रिकेशनच्या कामात वीस वर्षं काढली आहेत. त्याने एकच सांगितलं, "अगं, गाडी कुठे घासते ते आधी बघ. पत्रा मग ठरव." आम्ही सहा दिवसांचा रस्ता आखला. त्यात खडीचा माळ होता, दगडगोट्यांचं कोरडं नदीपात्र होतं, कातळाच्या पायऱ्या, वाळू आणि चिखलही होता. दादाच्या गाडीला पुढच्या बंपरपासून टाकीपर्यंत चार मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटा, त्यानेच बनवलेल्या. माझ्या गाडीला कंपनीतून आलं तेवढंच. दोन्ही गाड्यांची घडण सारखी, शिडीसारखी चॅसिस, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सलग एक्सल.

पहिला दिवस

दिवसभर खडीचा रस्ता. वेग बरा होता, कुठे काही आपटलं नाही. तरी खालून सतत टकटक ऐकू येत होती.

संध्याकाळी सपाट जागा बघून गाडी लावली, चाकांना पुढूनमागून ओंडके लावले आणि मी खाली शिरले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आम्ही कुणीच जात नाही. जॅक वाळूत किंवा मऊ मातीत सरकायला क्षणही लागत नाही.) पुढच्या चाकांच्या मागे, उंबऱ्याच्या कडेवर रंगात शेकडो टिचक्या दिसत होत्या, मोहरीएवढ्या. लोअर आर्मच्या मागच्या तोंडावरही तशाच. चाकांनी उडवलेली ही खडी. हिच्यासाठी जाड प्लेट लागत नाही, साधे मडफ्लॅप पुरतात.

इंजिनाखाली कंपनीचं काळं आवरण आहे. वर्षभर मी त्यालाच संरक्षण समजत होते. दादाने ते बोटाने दाबलं तर आत गेलं. प्लास्टिक! चिखलपाणी इंजिनावर उडू नये, आवाज कमी व्हावा आणि हवा खालून नीट निघून जावी यासाठी ते असतं. त्याच्या वर दीड इंच अंतरावर पत्र्याचा ऑइल चेंबर, आणि त्यात सगळं इंजिन ज्याच्यावर जगतं ते तेल. आवरणाच्या मागे तर, टाकीखालची पातळ प्लेट सोडली, तर काहीच नाही. गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं ओतीव कवच, त्यामागे ट्रान्सफर केस, त्याचा तेल सोडायचा बोल्ट खाली तोंड करून उघडाच.

दुसरा दिवस

नदीपात्र. पाणी अजिबात नव्हतं, डोक्याएवढ्या गोट्यांपासून कमरेएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळं पसरलेलं. तीन किलोमीटरला आम्हाला साडेचार तास लागले. दादा पुढे चालत हाताने खुणा करायचा, मी लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त) पहिल्या गिअरवर. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधून काढायचा मोह फार होतो, कारण बसल्या जागेवरून तसं सोपं वाटतं. दादा दर वेळी एका बाजूला बोट दाखवायचा. "चाक चढव त्याच्यावर. चाकाला काही होत नाही, पोटाला होतं." चाक धोंड्यावर चढलं की गाडीचं पोटही तितकं वर उचललं जातं. मधून काढलं तर पोट आहे तिथेच राहतं आणि धोंडा नेमका चेंबरसमोर येतो.

दोनदा आपटलं. एकदा "ठण्ण", पुढे डावीकडे. एकदा मागून जड, बसका आवाज. दादाची गाडी माझ्यामागून त्याच दगडावरून आली, भाचा चालवत होता. तिच्या पोटाखालून लांबलचक "खर्रर्र" असा आवाज आला आणि गाडी थांबली नाही, घसरत पुढे गेली. माझी तिथेच अडकून मग उतरली होती. त्या दोन आवाजांतला फरक मला सबंध प्रवासात विसरता आला नाही.

संध्याकाळी रंगावरच्या खुणा वाचल्या. "ठण्ण" म्हणजे लोअर आर्मची बैठक, तिथला रंग रुपयाएवढा उडालेला, खाली धातूत बारीक खड्डा. मागचा बसका आवाज डिफरन्शियलच्या हाउसिंगचा. इथे दादाने एक गोष्ट समजावली, ती मी तरी कधी विचारात घेतली नव्हती. सलग एक्सलचं डिफरन्शियल चाकांबरोबर असतं, बॉडीबरोबर नसतं. स्प्रिंगा बदलून गाडी चार इंच उंच केली तरी ते जमिनीपासून आहे तेवढंच राहतं. ते वर जायचं तर टायर मोठे हवेत, दुसरा मार्ग नाही. म्हणून मागे प्लेट लावण्यापेक्षा डिफरन्शियल दगडाच्या कोणत्या बाजूने जातंय याचं भान ठेवणं जास्त कामाचं. हाउसिंग जाड पोलादाचं असतं, एवढं तेवढं सोसतं.

मग दादाच्या प्लेटखाली गेलो. चार मिलिमीटर लोखंड, त्यावर हातभर लांब चकचकीत ओरखडे, पण खोल एकही नाही. पावडर कोटिंग निघालेल्या जागी दुसऱ्याच दिवशी गंजाचा तांबूस पापुद्रा धरायला लागला होता. भाच्याने विचारलं, ॲल्युमिनियम का नाही लावलं? ते हलकं, गंजत नाही.

दादाने काडीने मातीत हिशेब मांडला. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा, तीन मिलिमीटर जाडीचा, साधारण साडेतेवीस किलो भरतो. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या एक तृतीयांशाला थोडी जास्त, त्यामुळे दुप्पट जाडीचा, म्हणजे सहा मिलिमीटरचा पत्राही सोळा किलोतच बसतो. आणि ताठपणा? ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ तिपटीने लवतं, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट. हिशेब केला तर सहा मिलिमीटरचं ॲल्युमिनियम तीन मिलिमीटरच्या लोखंडापेक्षा अडीच पटीहून जास्त ताठ निघतं, आणि वर हलकंही.

"मग?" भाचा म्हणाला.

"मग घासण्याचं काय?" दादाने खिशातून किल्ली काढली आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटलीवर ओढली. किल्ली रुतली, पुढे धातूची बारीक लव उभी राहिली. तीच किल्ली प्लेटच्या लोखंडावरून नुसती निसटून गेली. ॲल्युमिनियम मऊ. दगडाचं टोक त्यात रुततं, चर पाडतं, आणि चराच्या काठावर जो कंगोरा उभा राहतो तो पुढच्या दगडाला पकडतो. एका धक्क्याला ॲल्युमिनियम उत्तम. सगळी गाडी दगडावर ओढत न्यायची असेल तर लोखंड.

आपटणं वेगळं आणि घासणं वेगळं. त्या रात्री वहीत मी दोन रकाने केले आणि गाडीखालची प्रत्येक खूण कुठल्या रकान्यात जाते ते लिहायला लागले.

तिसरा दिवस

कातळाच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. गुडघ्याएवढी उंची, कडा धारदार. पहिल्या दोन नीट गेल्या. तिसरीवर पुढची चाकं खाली उतरली, मागची वरच, आणि गाडी मधोमध कातळाच्या कडेवर बसली. क्रॉसमेंबर आणि ट्रान्सफर केस. तिथून पुढे ढकलत नेली तेव्हा अंगावर काटा आला असा आवाज, दीड-दोन फूट सलग.

खरी चूक मात्र माझ्या हातून चौथ्या पायरीवर झाली. रेषा चुकली म्हणून मी दादाच्या खुणेची वाट न बघता गाडी मागे घेतली. इंजिनाखालच्या प्लास्टिकची मागची कड कातळावर अडकली, आवरण फाटून लोंबायला लागलं, आणि घाईत पुन्हा पुढे गेले तर दगडाचं नाक थेट चेंबरवर. मी तत्काळ इंजिन बंद केलं.

खाली पाहिलं तर तेल गळत नव्हतं, पण चेंबरला वाटीएवढा पोचा आला होता. मला हायसं वाटलं, दादाचा चेहरा मात्र गंभीरच. पत्र्याचा चेंबर फुटत नाही, आत दबतो, आणि त्यातच धोका असतो. तेल ओढणाऱ्या नळीची जाळी चेंबरच्या तळापासून अवघी काही मिलिमीटर वर असते. तळ वर दबला की जाळीचं तोंड झाकलं जातं. चेंबरभर तेल असून इंजिन तहानेनं मरतं. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर असता तर तो दबला नसता, तडकला असता. मग तेल जमिनीवर.

दादाने चेंबरवर सरळ पट्टी धरली, पोच्याची खोली मोजली, सात मिलिमीटर. पोचा कडेला होता, जाळी मध्यभागी असावी असा अंदाज. डिपस्टिकवर तेलाची पातळी बरोबर होती. मग त्याने मला इंजिन सुरू करून फक्त तेलाच्या दिव्याकडे बघायला सांगितलं. "दोन-तीन सेकंदांत विझला नाही तर बंद कर, विचारत बसू नकोस." दिवा लगेच विझला. इंजिनाचा आवाज नेहमीचाच. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो. पुढचा सगळा प्रवास मी त्या दिव्यावर अर्धा डोळा ठेवून केला.

त्या संध्याकाळी दादाने त्याच्या प्लेट आणि चेंबरमधली फट दाखवली. हाताची दोन बोटं आरामात जात होती. "पत्रा लवणारच. लवल्यावर चेंबरला टेकला तर प्लेट नसल्यासारखीच." फट ठेवली की पोटाखालची उंची तेवढी कमी होते. प्लेट लावणारा प्रत्येकजण इथे काहीतरी देतो आणि काहीतरी घेतो. आणि प्लेट चॅसिस आणि क्रॉसमेंबरला कसायची, गिअरबॉक्सच्या कवचाला कधीही नाही, नाहीतर दगडाचा सगळा मार त्याच ओतीव कवचाच्या आट्यांवर येतो.

मागे घेताना माझं जे झालं ते दादाच्याही प्लेटांचं होऊ शकतं. कौलं चढवतात तशा त्या एकीवर एक येतात, पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या खाली. पुढे जाताना दगड एकीवरून दुसरीवर अलगद सरकतो. रिव्हर्स घेतला की माशाच्या अंगावर उलटा हात फिरवावा तसं होतं. दादाने म्हणून सांध्याच्या कडा थोड्या वर वळवल्या आहेत.

चौथा दिवस

वाळू. टायरची हवा कमी केली आणि दिवस निघाला. एकदा माझी गाडी टेकाडाच्या माथ्यावर पोटावर बसली, चारही चाकं हलकी. फावड्याने पोटाखालची वाळू उपसली, चाकांखाली ट्रॅक बोर्ड (पकड देणाऱ्या फळ्या) घातले, निघाली. रंगाला काही झालं नाही, उलट वाळूने घासून क्रॉसमेंबर लख्ख केला. दादाच्या गाडीचा सपाट तळ वाळूवर होडीसारखा तरंगत गेला, पण माथ्यावर बसल्यावर तोही माझ्याइतकाच अडकला.

पाचवा दिवस

सकाळी चिखल, दुपारनंतर कंबरभर वाळलेलं गवत. गवतातून तासभर गेल्यावर मागून येणाऱ्या भाच्याने दिवे मिचकावले. दादाच्या गाडीखालून धुराचा वास येत होता.

दादाने गाडी गवतातून उघड्या मातीवर काढली, इंजिन बंद केलं, अग्निशामक हातात घेऊनच खाली वाकला. प्लेट आणि सायलेन्सरच्या मधल्या पोकळीत गवत ठासून भरलेलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) बाजूला काळं पडलेलं. कन्व्हर्टर चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो. उघड्या गाडीत गवत लागून गळून पडतं. खाली प्लेट असली की साठतं, वाळतं, भाजतं. पाण्याचा फवारा मारला, धूर थांबला, पण गवत काढायला प्लेट उतरवणं भाग होतं.

आणि तिथे खरी पंचाईत झाली. मधल्या प्लेटच्या आठ बोल्टांपैकी तीन बोल्टांची डोकी दगडावर घासून गुळगुळीत झालेली. पाना धरेना. दादाने छिन्नी लावून हातोडीने एकेक डोकं उलटं फिरवलं. दोन सुटले, तिसरा तुटला. चाळीस मिनिटं गेली, गरम सायलेन्सरखाली, चेहऱ्यावर माती पडत असताना. प्लेट खाली आली तेव्हा तिच्याबरोबर सकाळचा चिखलही आला, वाळलेला, घमेलंभर. तेवढं वजन आम्ही दिवसभर वाहत होतो, आणि ओला चिखल लोखंडाला चिकटून गंज धरत होता तो वेगळाच.

दादा प्लेटकडे बघत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी मी बनवली, तरी हे राहिलंच." प्लेटमध्ये हवा आणि चिखल जायला पुरेशी भोकं नव्हती. तेल सोडायच्या बोल्टांसमोर भोकं होती, कन्व्हर्टरखाली मात्र पत्रा सलग. बोल्टांची डोकी प्लेटच्या पृष्ठभागाबाहेर खाली डोकावत होती. ती खोलगट बैठकीत आत बसायला हवीत, म्हणजे दगड त्यांच्यावरून जाईल, त्यांना लागणार नाही.

एक घसरट प्लास्टिकही मिळतं, फार जड रेणूंचं पॉलिथिन. दगडावर ते लोखंडापेक्षाही सहज घसरतं आणि पाण्यावर तरंगेल इतकं हलकं. माझ्या मनात ते घोळत होतं. पण ते साधारण १३० ते १३५ अंशांला वितळतं. त्या दुपारचा कन्व्हर्टर पाहिल्यावर सायलेन्सरच्या बाजूला ते लावायचा विचार मी सोडला.

सहावा दिवस

परतीचा रस्ता तोच कातळाचा, पण चढताना. या वेळी मी एकदाही खुणेशिवाय मागे गेले नाही. दुपारी सपाट जागी थांबून शेवटचं वाचन केलं.

इंजिनाखाली आणि रेडिएटरच्या पुढच्या कडेला आपटल्याच्या खुणा, तुटक, खोल, पाच. क्रॉसमेंबरपासून ट्रान्सफर केसपर्यंत घासल्याचे लांब पट्टे, रंगाचा मागमूस नाही. इंधनाच्या टाकीवर एक टवका नाही. कंपनीची टाकीखालची पातळ प्लेट तिथे पुरते. उंबऱ्याखाली उजवीकडे पत्रा दबलेला, तो कधी दबला हे मला कळलंही नव्हतं.

माझी निवड त्या रंगाने केली. इंजिनाखाली सहा मिलिमीटरचं ॲल्युमिनियम, साधारण ०.६ चौरस मीटर, दहा किलोच्या आत. तिथे धक्का येतो, ओढ नाही, आणि पुढच्या चाकांवर भार कमी राहतो. मधे चार मिलिमीटरचं लोखंड, अर्धा चौरस मीटर, सोळा किलो. दोन धातू एकमेकांना टेकणार नाहीत, मध्ये रबर, कारण ओलावा मिळाला की लोखंडाच्या सोबतीत ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. त्याच कारणाने बोल्टांखालीही वेगळे वॉशर. दारांखाली चॅसिसला कसलेले रॉक स्लायडर (उंबरा दगडापासून वाचवणारे मजबूत दांडे), टाकीखाली नवं काही नाही. पुढून टाकीपर्यंत सगळं चार मिलिमीटरचं लोखंड लावलं असतं तर दोन चौरस मीटरला त्रेसष्ट किलो झाले असते, म्हणजे एक माणूस कायमचा गाडीत, आणि मग स्प्रिंगाही बदला.

एका गोष्टीवर आमचं एकमत झालं नाही. दादाला पुढची प्लेट चॅसिसच्या अगदी टोकाशी कसायची होती, म्हणजे चढावावर नाक आपटलं तरी चालेल. मला ते नको. समोरून धडक बसली तर गाडीचं नाक ठरल्याप्रमाणे चुरगळायला हवं, एअरबॅग कधी उघडायच्या याचं गणित त्यावर बेतलेलं असतं. शेवटी प्लेट टोकाच्या मागच्या क्रॉसमेंबरपासून सुरू करायची ठरली. नाक मी सांभाळून नेईन.

भाच्याने मागच्या सीटवरचा पुठ्ठ्याचा खोका उलगडला. मी खाली पडून पुठ्ठा चॅसिसला धरला, त्याने पेन्सिलने कड आखली. तेल सोडायच्या बोल्टाखाली गोल काढला, फिल्टरखाली दुसरा, कन्व्हर्टरखाली हवेसाठी सात लांबट भोकं. पोच्याच्या जागी दोन बोटं घालून फट मोजली.

"आत्या, पुढची कड कुठली ते लिहून ठेवू?"

"लिही. मोठ्या अक्षरांत."

त्याने बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं, 'इकडे तोंड'.